बाबांना कुठल्या रकान्यात घालायचं?

खाडीपलीकडची · शनिवार, रात्री १०.४०

लेक यंदा अकरावीला आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात बेरोजगारीवर एक धडा आहे. परवा तिने वहीत तक्ता आखला: हंगामी, छुपी, घर्षणात्मक (एक नोकरी सुटून दुसरी मिळेपर्यंतची), संरचनात्मक (ते कामच बदललं, संपलं किंवा दुसरीकडे गेलं म्हणून आलेली), चक्रीय (मंदीमुळे आलेली). प्रत्येकाखाली आसपासचं एक उदाहरण लिहून न्यायचं होतं. हंगामीत भिवंडीकडच्या वीटभट्ट्या लिहून झाल्या, छुपीत मामाची शेती. मग पेन्सिल चावत तिने सहज विचारलं, "आई, बाबांना कुठल्या रकान्यात घालायचं?"

बाबा शेजारच्या खोलीत. टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

नवरा ५१ वर्षांचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होता, बावीस वर्षं. गेल्या नोव्हेंबरात 'मंदी आहे' म्हणून साठेक लोकांच्या हातात हिशेब ठेवला, त्यात हाही. आता आठवड्यातले दोन दिवस चुलतदिरांच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलं करायला आणि माल मोजायला जातो. दिवसाचे पाचशे. बाकीचे दिवस अर्ज, फोन आणि 'कळवतो' असं म्हणणारी माणसं.

मी बालवाडीत शिकवते, माझा अर्थशास्त्राशी संबंध महिनाअखेरीपुरता. तर जाणकारांनी सांगा. हा बेरोजगार आहे की नाही? असेल तर कुठला? आणि मंदी जाते जाते म्हणतात, ती गेली हे कुणाला आणि कसं कळतं? नोकरीच्या लिंका कृपया पाठवू नका, त्या नातेवाईकांकडून भरपूर येतात.

चहाटळ · शनिवार, रात्री १०.५२

जागा पकडून बसलोय. मास्तर येतीलच.

घोडबंदरचे_मास्तर · शनिवार, रात्री ११.३०

आलो. सव्वीस वर्षं हा धडा शिकवला, पण कुणी घरातलं उदाहरण विचारलं नव्हतं.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सरकारी मोजणीत तुमचे यजमान बेरोजगार नाहीत.

ही मोजणी २०१७-१८ पासून 'आवधिक श्रमबल सर्वेक्षण' करतं. त्यात दोन फूटपट्ट्या आहेत. साप्ताहिक फूटपट्टीवर गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलेलं असलं की माणूस रोजगारात. वार्षिक फूटपट्टी बघते की गेल्या ३६५ दिवसांत जास्त काळ काय चाललं होतं, आणि त्यात काम नसेल तर निदान तीसेक दिवस एखादं जोडकाम होतं का. आठवड्याला दोन दिवस म्हणजे वर्षाचे शंभर. यजमान दोन्हीकडे पास. चुलतभावाकडे फुकट बसले असते तर गोष्ट वेगळी, पण स्वतःच्याच घरच्या दुकानात बिनपगारी बसले असते तरीसुद्धा पासच.

लेकीच्या वहीसाठी एक गणित देतो. तुमच्या सोसायटीत पंधरा वर्षांवरची १०० माणसं धरा. त्यातली ५७ कामावर आहेत, ३ काम शोधताहेत. उरलेली ४० शिकणारी, निवृत्त, घर सांभाळणारी. कामावर असलेले आणि शोधणारे मिळून श्रमबल ६०. बेरोजगारीचा दर ६० पैकी ३, म्हणजे ५ टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी दोघं कंटाळली आणि म्हणाली, "पुरे झालं, आता आम्हाला काम नको." श्रमबल झालं ५८, बेरोजगार उरला १. दर १.७ टक्के! एकालाही नोकरी लागली नाही आणि आकडा सुधारला. म्हणून हा दर एकटा कधी वाचायचा नाही, शेजारी श्रमबलातल्या सहभागाचा आकडा ठेवायचा. इथे तो ६० वरून ५८ झालाय, तो खरं बोलतो.

खाडीपलीकडची · रविवार, सकाळी ७.१५

म्हणजे पाचशे रुपयांसाठी तो दुकानात गेला नसता तर मोजला गेला असता. गेला म्हणून सुटला. छान.

पाटणचा_गडी · रविवार, सकाळी ९.०५

मास्तर, आमचं उदाहरण घ्या. आम्ही कोपरखैरण्याचे, मूळ पाटण तालुका. वडील वाशीच्या मार्केटला माथाडी. मी २०२० ला एका हॉटेलात कॅप्टन होतो. टाळेबंदी लागली, हॉटेल बंद, मालक फोन उचलेना. बायकापोरांना घेऊन गावी गेलो. दोन भाऊ पुण्याहून आले, एक चुलतभाऊ भांडुपहून. दीड एकर रान. एरवी भात लावायला चार माणसं असायची, त्या वर्षी आम्ही नऊ. भात तेवढंच झालं.

कुणी विचारलं असतं तर आम्ही नऊच्या नऊ जण शेतकरी.

घोडबंदरचे_मास्तर · रविवार, सकाळी १०.२०

गडी, तुम्ही एका वाक्यात छुपी बेरोजगारी सांगितलीत. पाच माणसं रानातून उठवली तरी भाताचं पोतं कमी होणार नाही.

आणि विचारलं होतं बरं का! जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षाच्या सर्वेक्षणात वार्षिक फूटपट्टीवर देशाचा बेरोजगारीचा दर आला ४.८ टक्के. आदल्या वर्षी होता ५.८. म्हणजे ज्या वर्षात टाळेबंदीचे महिने आले, त्या वर्षी दर उतरला. त्याच सर्वेक्षणाचा शहरांपुरता साप्ताहिक दर एप्रिल-जून २०२० ला जवळजवळ २१ टक्के होता. मग माणसं गेली कुठे? शेतीतल्या कामकऱ्यांचा वाटा त्याच काळात ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेला. इतक्या वर्षांत माणसं शेतातून बाहेर पडत होती, ती उलटी फिरली. तुमचं दीड एकर त्या आकड्यात आहे.

श्रीमंत देशात मंदी आली की माणूस भत्त्यावर घरी बसतो आणि मोजला जातो. इथे बिनकामाचं बसणं परवडत नाही. तो रिक्षा भाड्याने घेतो, भाजीची गाडी लावतो, गावी जातो. त्यामुळे आपल्याकडची मंदी बेरोजगारीच्या दरात कमी आणि मिळकतीत जास्त दिसते.

पाटणचा_गडी · रविवार, सकाळी १०.४१

वडिलांच्या टोळीचं असंच. माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांनी लढून आणलेला. मजुरी टोळीच्या नावावर जमा होते आणि वाटून घेतात. गाड्या कमी आल्या तर कुणाला काढत नाहीत, सगळ्यांचाच वाटा बारीक होतो. बारा जणांत दहाचं काम. घरी रिकामा कुणी नाही, पण डबा प्रत्येकाचा हलका.

बिनधास्त_बोल · रविवार, दुपारी १२.१०

राग मानू नका, पण काम आहे हो. लोकांना हवं तसलं नाही म्हणून करत नाहीत. आमच्या घणसोलीत दर दुसऱ्या दुकानावर 'मुलगा पाहिजे'ची पाटी आहे. ५१ वर्षांच्या माणसाने कमीपणा न मानता पडेल ते करावं. मंदीबिंदी हे बहाणे.

खाडीपलीकडची · रविवार, दुपारी १२.२५

'मुलगा' पाहिजे, असंच लिहिलंय ना पाटीवर?

चहाटळ · रविवार, दुपारी १२.२७

ताईंनी एका शब्दात धागा जिंकला.

वागळे_लेथवाला · रविवार, दुपारी ३.५०

रविवार आहे, जेवण झालंय, सविस्तर लिहितो. वागळे इस्टेटमध्ये माझा एक गाळा आहे. टर्निंगचं जॉबवर्क, बरंचसं गाड्यांच्या सुट्या भागांचं. अकरा माणसं.

बिनधास्त, तुमचं अर्धं खरं आहे. चार महिने झाले, मी सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा, सेटर शोधतोय. मिळत नाही. मिळतो तो तळोज्याला दोन हजार जास्तीवर जातो. त्याच वेळी माझ्याकडे आठवड्याला चार-पाच जण अर्ज घेऊन येतात, सुपरवायझर, स्टोअर्स, टाइमकीपर. चांगली माणसं, पण माझं स्टोअर म्हणजे एक कपाट. त्याला सुपरवायझर काय करू? रिकामी खुर्ची आणि रिकामा माणूस एकाच गल्लीत समोरासमोर उभे असतात आणि एकमेकांच्या उपयोगाचे नसतात.

आता मंदीचं. पुस्तकात ती वक्ररेषा असते ना, तेजी, शिखर, घसरण, तळ, पुन्हा चढ, झोपाळ्यासारखी. आम्ही ती गाळ्यातून अशी बघतो. माल उठायचा कमी झाला की पहिल्यांदा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद. मग ठेकेदाराची पोरं बंद, त्यांना फक्त 'उद्या येऊ नको' म्हणायचं असतं. मग रात्रपाळी बंद. मग एखादं मशीन ताडपत्रीखाली. कायमचा माणूस सगळ्यात शेवटी, आणि त्यात माझा चांगुलपणा नाही. त्याला तयार करण्यात माझी दोन वर्षं गेलेली असतात, चार महिन्यांच्या मंदीसाठी तो घालवला तर पुढे शेजारचा गाळेवाला त्याला घेतो.

वर येताना सगळं उलट. पहिली जादा ऑर्डर आली की कुणी माणूस घेत नाही. आहेत त्यांनाच ओटी. दोन महिने ओटी टिकली तर ठेकेदाराला फोन. सहा महिने टिकली तर नवा माणूस, तोही धाकधुकीत. म्हणून पेपरात 'मंदी संपली' छापून येतं तेव्हा नोकरी शोधणाऱ्याला वाटतं की आपली चेष्टा चाललीय.

२०१९ ला आम्ही हे पूर्ण चाखलं. त्या ऑगस्टात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती. माझं ऑर्डरींचं शेड्यूल तर निम्म्याखाली आलं. गाड्या तिसऱ्या हिश्श्याने कमी आणि माझे नट निम्म्याने, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही. मास्तर?

ऐरोली_नाइटशिफ्ट · रविवार, संध्याकाळी ६.३०

मी आयटीवाला, म्हणून घाबरत घाबरत लिहितो. मार्चमध्ये राजीनामा 'घेतला' गेला. सहाव्या आठवड्यात दुसरीकडे लागलो, पगार थोडा कमी. म्हणजे मी घर्षणात्मक ना? पण मधले सहा आठवडे मला ते माहीत नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, आपण करतो ते मॅन्युअल टेस्टिंगच संपलंय, आपण संरचनात्मक आहोत. रकाना नोकरी लागल्यावर कळतो.

एक शंका. काढण्याऐवजी सगळ्यांचा पगार दहा-पंधरा टक्के कमी केला तर? माणसं तरी राहतील. बाजारात भेंडी खपली नाही तर भाव उतरवतातच की.

वागळे_लेथवाला · रविवार, संध्याकाळी ७.०२

केलं होतं, २०२० ला. सगळ्यांचा पंधरा टक्के, माझ्यासकट. कुणी बोललं नाही. वर्षभराने बाजार उठला तेव्हा सगळ्यात चांगला फिटर न सांगता गेला. कापलेला पगार माणूस विसरत नाही. भेंडीला भाव उतरल्याचा राग येत नाही.

घोडबंदरचे_मास्तर · रविवार, रात्री ९.१५

लेथवाल्यांनी पगार खाली का चिकटून बसतो ते सांगितलं. पण समजा सगळ्या मालकांनी एकाच महिन्यात पगार कापला. एका गाळ्याचा खर्च वाचला, पण वागळेतल्या सगळ्या कामगारांच्या खिशातलं पंधरा टक्के गेलं. मग वडापाव कमी, चपला पुढच्या दिवाळीला, टीव्हीची खरेदी रद्द. ज्यांचा माल खपेना त्यांचं आणखी खपेना. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सचं १९३६ चं पुस्तक याच गाठीवर आहे. तेव्हा महामंदी चालू होती, १९३३ ला अमेरिकेच्या श्रमबलात दर चार माणसांमागे एक बेकार. 'मजुरी उतरू द्या, बाजार आपोआप सावरेल' म्हणणाऱ्यांना तो म्हणाला की मागणीच नसेल तर अर्थव्यवस्था तळाशीच मुक्काम ठोकू शकते. कुणीतरी, म्हणजे सरकारने, खर्च करायला हवा.

एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत. एकदा कंपनीचा भोंगा थांबला की गेटसमोरची टपरी, तिला पाव देणारी बेकरी, खोली भाड्याने देणारी मावशी, सगळ्या माळेतले मणी सरकतात. ऐरोलीच्या आयटी पार्कसमोरचे चहावाले २०२० मध्ये हेच सोसत होते. पार्कमधल्या लोकांच्या नोकऱ्या शाबूत होत्या, ते घरून काम करत होते. टपरीवाल्याच्या वाट्याला मात्र पूर्ण मंदी.

नटांचं गणित उद्या बघतो. डोळे मिटताहेत.

गेटपास · सोमवार, पहाटे ५.४०

नवीन खातं आहे. मी तो रकान्याबाहेरचा. बायकोला माहीत नाही, कळेलच.

लेथवाले साहेब, तुमचं गणित मी सोडवतो, बावीस वर्षं तेच केलं.

समजा महिन्याला १००० नग खपतात आणि स्टोअरचा नियम आहे की एक महिन्याचा माल शिल्लक हवा, म्हणजे १०००. खप १० टक्क्यांनी पडला, ९००. आता वरून हुकूम येतो, शिल्लकही ९०० वर आणा, पैसा अडकतो. रॅकवरचे १०० जास्तीचे आधी वापरायचे, म्हणून या महिन्याची ऑर्डर फक्त ८००. खप १० ने पडला, ऑर्डर २० ने. आता ज्याला ८०० ची ऑर्डर मिळाली, त्याचं स्टोअरही १००० ठेवत होतं. त्याला वाटतं खप ८०० झाला, तो शिल्लक ८०० वर आणतो, २०० रॅकवरचे वापरतो. त्याची पुढची ऑर्डर ६००. सळया पुरवणारा ४० टक्क्यांनी आडवा. गिऱ्हाइकाच्या खिशाला सर्दी, शेवटच्या गाळेवाल्याला न्यूमोनिया. तुम्ही साखळीत तिसरे असाल, साहेब.

वर जाताना तेच. खप जरा वाढला की सगळे रॅक भरायला धावतात, तुम्हाला वाटतं दिवाळी आली. रॅक भरले की ऑर्डर पुन्हा धप्प. खपाने काही वाकडं केलेलं नसतं.

मंदी पेपरात यायच्या आधी मी ती रॅकवर बघितलेली आहे. माल जाग्यावरून हलत नाही, खोक्यांवर धूळ दिसते. डिस्पॅचची पोरं दुपारी मोबाइल बघत बसतात. पॅकिंगच्या खोक्यांची मागणी उतरते, ती सगळ्यात आधी. २००८ च्या दिवाळीनंतर असं झालं होतं, सहा-आठ महिन्यांनी धूळ झटकली. २०१९ ला पुन्हा. दोन्ही वेळा मशीनं झाकून ठेवली, आठवड्याला एकदा ऑइलिंग करायचो.

यावेळी आम्हाला सांगितलं मंदी आहे. असेल. पण ऑक्टोबरात तीन मशीनं ट्रेलरवर चढली, दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला. मंदी असती तर मशीन झाकून ठेवतात, उचलून नेत नाहीत. त्या तिन्हींचा गेटपास माझ्याच सहीने झाला. सही करतानाच कळलं होतं. घरी नोव्हेंबरात सांगितलं.

मुलीला सांगा, संरचनात्मक लिही. चक्रीय लिहिलंस तर तू वाट बघशील.

चहाटळ · सोमवार, सकाळी ८.१०

दादा, मला आता विनोद सुचत नाहीये. नमस्कार घ्या.

जुनी_ठाणेकरीण · सोमवार, सकाळी ११.४५

गेटपास भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. माझे वडील गिरणीत होते, परळला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. पहिल्या वर्षी आई म्हणायची, "संप मिटला की". दुसऱ्या वर्षीही तेच. वडिलांनी दुसरी नोकरी धरली नाही, कारण गिरणीचा भोंगा झाला आणि आपण जाग्यावर नसलो तर? संप मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. तोवर कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जायला लागलं होतं. ८५ साली आम्ही खोली विकून कळव्याला आलो आणि वडील वागळेत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. गिरणीचा पास मात्र पाकिटात, शेवटपर्यंत.

तीन वर्षं ते चक्र फिरायची वाट बघत होते. चक्र नव्हतंच.

बिनधास्त_बोल · सोमवार, दुपारी १.००

मी काल जरा जास्त बोललो. ताई, दादा, माफी.

पण मास्तर, एक विचारतो. समजा सगळं सुरळीत आहे, मंदी नाही. मग तरी बेरोजगारी शून्य होते का?

घोडबंदरचे_मास्तर · सोमवार, दुपारी ४.३०

नाही, आणि होऊही नये. ऐरोलीकर सहा आठवडे शोधत होते म्हणून बरी नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी मिळेल ती घेतली असती तर ते आज कुठेतरी नाखूश असते. शोधायला वेळ लागतोच, लेथवाल्यांना सेटर मिळायला लागतोय तसा. हे घर्षण आणि त्यासोबत काही संरचनात्मक, एवढं भल्या काळातही उरतं. चक्रीय भाग शून्य झाला की अर्थशास्त्रज्ञ त्याला 'पूर्ण रोजगार' म्हणतात. वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची.

मात्र एक धोका आहे, आणि तो पुस्तकात बारीक टाइपात असतो. चक्रीय बेरोजगार फार काळ बसून राहिला तर त्याचा हात सुटतो, ओळखी सुटतात, मालक बायोडेटातला खड्डा बघून नकार देतो. तो हळूहळू पुढच्या रकान्यात सरकतो. रकान्यांच्या मधल्या रेषा पेन्सिलीच्याच असतात.

ताईंचा तिसरा प्रश्न राहिला. मंदी कधी गेली ते कोण सांगतं? अमेरिकेत अर्थतज्ज्ञांची एक समिती तारखा ठरवते. तिथे डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली, हे त्या समितीने जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला. वर्षभर लोक भिजत होते आणि मग सांगितलं की पाऊस आहे. ती मंदी जून २००९ मध्ये संपली, बेरोजगारी शिखरावर, १० टक्क्यांवर, पोचली त्या ऑक्टोबरात. लेथवाल्यांचं ओटीचं पुराण म्हणजे हेच. आपल्याकडे अशी समिती नाही. ओळीने दोन तिमाह्या जीडीपी घटला की मंदी, हा ढोबळ नियम वापरतात. २०२० मध्ये, आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करता, एप्रिल-जूनला पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्के आणि पुढच्या तिमाहीत ७.५ टक्के घट आली, तेव्हा हा शब्द सगळ्यांनी वापरला.

हिशेबनीस · सोमवार, रात्री ८.४०

थोडं अवांतर, पण बेरोजगारांसाठी काय आहे हे कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी पगारपत्रकं करते.

ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात, २०१८ मध्ये 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आली. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी रोजंदारीचा काही हिस्सा द्यायचं ठरलं, आधी २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० केला. पण ईएसआयसी ज्यांना लागू त्यांनाच, म्हणजे पगार २१ हजारांपर्यंत. गेटपास दादा बहुतेक त्याच्या वर असतील. मधल्या पगारवाल्याला काहीच नाही, त्याचा भत्ता म्हणजे त्याचा पीएफ आणि बायकोचं सोनं.

आणि एक गंमत. तुमच्या पगारातून दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, व्यवसाय कर कापला जातो ना? तो महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायला लावला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर लोक जगले, वि. स. पागेंनी त्या कल्पनेला आकार दिला, १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम. २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला. पण दोन्ही गावासाठी. गेटपास दादांनी बावीस वर्षं तो कर भरला. ते खेड्यात असते तर मागायला कुठेतरी खिडकी होती. ठाण्यात नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट · सोमवार, रात्री ८.५५

फेब्रुवारीत शंभर जास्त का कापतात, हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारतोय.

हिशेबनीस · सोमवार, रात्री ९.०१

वर्षाचे २५०० जमायला. घटनेने या करावर वर्षाला तेवढीच मर्यादा घातलीय. बारा दुणे चोवीस, वर एक फेब्रुवारीच्या माथी.

खाडीपलीकडची · मंगळवार, रात्री १०.१०

गेटपास कोण ते मला पहिल्या ओळीत कळलं. 'पहाटे ५.४०' बघूनच. तेव्हा तो दूध आणायला जातो म्हणतो.

ऑक्टोबरची गोष्ट मलाही इथेच कळली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथलं नाही.

तक्ता असा झाला: लेकीने दोन रकान्यांमधल्या रेषेवर 'माझे बाबा' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, 'सरकारी मोजणीत रोजगारात'. बाईंनी शेरा दिला, 'उदाहरण एकाच रकान्यात लिहावे.' पाचपैकी चार.

तो आजपासून महापे इथल्या एका गोदामात बघून यायचं म्हणतोय. तिथे संगणकावर साठा ठेवतात, पोरं पंचविशीतली आहेत. स्कॅनर शिकावा लागेल. पगार आधीच्या अर्ध्याहून थोडा वर.

वागळे_लेथवाला · पाच महिन्यांनी, गुरुवार, रात्री ११.२०

धागा वर काढतोय. ताई, दादांचं महाप्याचं काय झालं?

आमच्याकडे गेल्या सोमवारी ताडपत्री काढली. सेटर अजून मिळालेला नाही, मीच लावतो. आठ जणांना रोज दोन तास ओटी. माणूस घेतलेला नाही.

गेटपास · शुक्रवार, पहाटे ५.३५

लागलो. स्कॅनर आला, पाठ दुखते. रॅक सध्या भरतायत, साहेब. तुमच्या ऑर्डरी खपाच्या आहेत की रॅक भरायच्या, ते गिऱ्हाइकाच्या स्टोअरवाल्याला चहा पाजून विचारा. मगच माणूस घ्या.